आधी घास, मग देशना



धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नावाच्या गावची एक गोष्ट आहे. आळवीत एक गरीब शेतकरी राहत होता. त्या एका माणसाला धम्म सांगावा म्हणून भगवान बुद्ध जेतवनातून निघाले आणि भिक्खुसंघासह तीस योजने चालून आळवीला आले. गावकऱ्यांनी संघाला भोजनदान दिले. भोजन झाले. आता देशना सुरू होणार म्हणून सारा गाव जमून बसला. परंतु त्याच सकाळी त्या शेतकऱ्याचा बैल सुटून रानात गेला होता. गरिबाचा बैल गेला म्हणजे शेत गेले, आणि शेत गेले म्हणजे घर गेले. तो उपाशीपोटी रान तुडवीत राहिला. अखेर बैल सापडला, तो त्याने कळपात नेऊन सोडला आणि घरी न जाता तसाच तथागतांच्या समोर येऊन उभा राहिला.

तोवर तथागत गप्प बसून होते. ज्याच्यासाठी आलो तो आल्याशिवाय बोलायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. आणि तो आल्यावरही त्यांनी देशना सुरू केली नाही. वाढपाची व्यवस्था पाहणाऱ्याला त्यांनी विचारले, संघाचे जेवण होऊन काही अन्न उरले आहे काय? उरले होते. मग त्याला तेथेच बसवून पोटभर वाढायला लावले. त्याचे पोट शांत झाल्यावरच तथागतांनी धम्म सांगितला. ही गोष्ट नवलाची वाटून भिक्खूंत कुजबुज झाली. तेव्हा तथागतांनी त्यांना समजावले की भुकेने व्याकूळ झालेल्याच्या मनात धम्म शिरत नाही. माणसाला जडणाऱ्या सर्व रोगांत त्यांनी भुकेला पहिला क्रमांक दिला.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. एका वस्तीत पौर्णिमेच्या वंदनेला गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले. पुढच्या रांगेत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा मान टाकून झोपला होता. मी त्याच्या आजीला म्हणालो, "आजी, नातवाला झोप आली वाटतं." आजी म्हणाली, "झोप कुठली गुरुजी, सकाळपासून कोरा चहा पिऊन हाय. काय करावं, मागल्या जन्मीचं देणं असंल त्याचं."

आजीच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती, गळ्यात निळा धागा होता, आणि जिभेवर मागला जन्म होता! मला आजीचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. मी तासभर शील, समाधी, प्रज्ञा सांगत होतो आणि समोरचे लेकरू उपाशी आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. आळवीला तथागतांनी जे आधी केले, ते मी शेवटीही केले नव्हते.

म्हणून आज दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. लेकराच्या भुकेला मागला जन्म कारण नाही. आणि ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची गरिबी येते ही शिकवण बुद्धांची नव्हे, असे निक्षून सांगितले आहे. तसे मानले म्हणजे गरिबाच्या स्थितीची जबाबदारी समाजावर राहत नाही आणि राज्यावरही राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जो धर्म आपण सोडून आलो त्याने आपल्या बापजाद्यांना हेच शिकवले होते: तू उपाशी आहेस ना, मग दोष तुझाच. धम्म शिकवतो ते वेगळे. हे आहे म्हणून ते घडते, हे नाहीसे केले म्हणजे तेही नाहीसे होते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. हा शब्द अवघड आहे, पण त्याचा अर्थ रेशनच्या दुकानासमोर उभे राहिले की कोणालाही कळतो.

चला तर, त्या दुकानासमोर उभे राहू.

१९९१ साली आपल्या देशाच्या तिजोरीतले परदेशी चलन संपत आले होते. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते. देशाचे सोने परदेशात गहाण पडले, रुपयाची किंमत उतरवली गेली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले गेले, आणि राज्यकर्त्यांनी सांगितले की आता खर्चाला आवर घातला पाहिजे. काटकसर केली पाहिजे. घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवावी लागत नाही, तेव्हा त्या शब्दाला कोणी हरकत घेतली नाही. पण कात्री कोठे लागली ते पाहा. केंद्र सरकार रेशनसाठी गहू देते त्याचा भाव १९९० साली किलोला २ रुपये ३४ पैसे होता. तो १९९४ च्या फेब्रुवारीपर्यंत ४ रुपये २ पैसे झाला. साध्या तांदळाचा भाव २ रुपये ८९ पैशांवरून ५ रुपये ३७ पैसे झाला. चार वर्षांच्या आत तांदूळ जवळजवळ दुप्पट महाग झाला. शेतमजुराची मजुरी चार वर्षांत दुप्पट झाली काय? ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पुढे जून १९९७ पासून रेशनची माणसे वाटली गेली. दारिद्र्यरेषेखालचे वेगळे, वरचे वेगळे. महाराष्ट्रात १९९९ साली पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आली. पिवळ्या कार्डाची मर्यादा होती वर्षाला १५,००० रुपये. हिशेब करा, दिवसाला ४१ रुपये, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे मिळून! नवरा-बायको दोघे मजुरीला गेले, दोघांची कमाई त्या रेषेच्या थोडी वर गेली, की ते घर कागदावर गरीब राहिले नाही. २००० सालापासून रेषेवरच्यांना सरकारला पडणाऱ्या पूर्ण खर्चाच्या भावाने धान्य देण्याचे ठरले. त्या भावात आणि बाजारभावात फारसे अंतर उरले नाही, म्हणून त्यांनी रेशनवर जाणेच सोडले. खरेदीदार नाही म्हणून धान्य गोदामात पडून राहिले. जुलै २००२ मध्ये सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य होते. गोदामे भरली होती आणि माणसे उपाशी होती! हा कोणाचा मागला जन्म? हा तर कागदावर सही करून घेतलेला निर्णय होता.

आता या निर्णयाची वाट लेकराच्या पोटापर्यंत कशी जाते ते पाहा. दिल्लीत धान्याचा भाव वाढला म्हणून त्याच दिवशी घरात कोणी मरत नाही. आधी दूध बंद होते. मग डाळीत पाणी वाढते. मग आई म्हणते, मला भूक नाही. आई पोटुशी असेल तर तिच्या पोटातले बाळही तेव्हापासूनच उपाशी राहते. मग मुलाची संध्याकाळची भाकरी अर्धी होते, आणि मुलीची त्याच्याही आधी अर्धी झालेली असते. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतचे हजार दिवस मुलाची वाढ ठरवतात. तेव्हा जी उंची आणि जी बुद्धी खुंटते ती पुढे पुरी भरून निघणे फार कठीण असते. भूक पोटात राहत नाही. ती हाडात जाते, मेंदूत जाते, आणि दहा वर्षांनी शाळेत गुरुजी म्हणतात की हा मुलगा मठ्ठ आहे.

ही स्थिती आज संपली असे समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३४ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. २०१९-२१ च्या पाहणीत ती शंभरात ३५ झाली. उंच इमारतींचे, साखर कारखान्यांचे आणि मोठ्या बाजाराचे हे राज्य, आणि त्यातले प्रत्येक तिसरे मूल खुरटलेले!

काटकसरीची कात्रीही थांबलेली नाही. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१५-१६ च्या अंदाजपत्रकात तिची केंद्राची तरतूद सुमारे १८,००० कोटींवरून ८,३०० कोटींच्या आसपास आणली गेली. राज्यांना करांतला वाटा वाढवून दिला आहे, त्यांनी पाहावे, असे कारण सांगण्यात आले. ओरड झाल्यावर काही रक्कम परत वाढवावी लागली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले. अंड्यामागे ५ रुपये धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा तो निधी थांबवण्यात आला आणि अंडे द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात सधन माणसे आहेत तेथल्या शाळेत लोकसहभागातून अंडे येईलही. पण ज्या वस्तीवरच्या शाळेतली सारीच मुले मजुरांची आहेत तेथे वर्गणी कोणी कोणाला द्यायची?

राज्याच्या तिजोरीला तळ असतो हे मला मान्य आहे. प्रत्येक वेळी हवे तेवढे पैसे नसतात. पण तिजोरी रिकामी झाल्यावर आधी कोणाच्या ताटाकडे हात जातो, यावरून राज्याची नीती कळते. कंत्राटदार मोर्चा काढतो. कारखानदार मंत्र्याला भेटतो. लेकराला मत नाही, संघटना नाही, तोंडात नीट शब्दही नाही. म्हणून कात्री त्याच्या ताटाला लागते.

उपासक हो, काटकसर आणि उपवास यांना आपल्याकडे मोठे पावित्र्य चिकटलेले आहे. कोणी थोडे खाल्ले की आपण त्याला थोर म्हणतो. सिद्धार्थ गौतमाने या वाटेनेही जाऊन पाहिले होते. उरुवेलेच्या रानात सहा वर्षे त्याने देहाला पराकाष्ठेचे कष्ट दिले. अन्न कमी करीत करीत तो हाडांचा सापळा झाला. आणि त्याला काय कळले? उपाशी देहाने सत्य सापडत नाही, हे कळले. त्याने सुजातेच्या हातची खीर स्वीकारली. पाच सोबती रागावून सोडून गेले, तरी त्याने अन्न घेतले, आणि त्यानंतर तो बुद्ध झाला. ज्याने आपल्या खुशीने उपास केला त्यालाही तथागतांनी ती वाट चुकीची म्हणून सांगितले. मग ज्या लेकराने उपास मागितलाच नाही, त्याच्यावर तो लादणाऱ्याला ते काय म्हणाले असते?

ते काय म्हणाले असते याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात ते आलेले आहे. एक राजा पूर्वजांच्या रीतीप्रमाणे राज्याचे रक्षण करीत होता, पण एक गोष्ट त्याने केली नाही. निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य पसरले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने मग चोरांची डोकी उडवली, तेव्हा लोकांनीही शस्त्रे घेतली. शस्त्रांतून हत्या आल्या, हत्यांबरोबर खोटे बोलणे आले. आणि पिढीमागून पिढी माणसांचे आयुष्य व रूप घटत गेले. दारिद्र्यापासून सुरू झालेली साखळी मुलांच्या देहापर्यंत पोचते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले होते. कूटदन्त सुत्तात तर उपायही दिला आहे. राज्यात लुटालूट माजली असता पुरोहित राजाला सांगतो की दंड आणि कर वाढवून ती थांबणार नाही. शेतकऱ्याला बी आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला अन्न आणि वेतन दे. अडचणीच्या काळात राज्याने हात आखडू नये, उघडावा, हा त्याचा सारांश.

बाबासाहेबही याच वाटेने गेले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक चर्चेला आले. त्याला पाठिंबा देताना त्यांनी असे मांडले की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पुढे राज्यघटना झाली. तिच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांच्या पोषणाची पातळी उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले. प्राथमिक म्हणजे पहिल्या पंगतीतले! इतर खर्च भागून उरले तर पाहू, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि मागितल्याने मिळते, हेही ध्यानात घ्या. १९७२ च्या दुष्काळात कामावर सुकडी खाऊन जगलेली मुले आज आपल्या वस्तीत आजी-आजोबा आहेत. त्या दुष्काळातल्या कामांच्या मागणीतून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. राजस्थानातली गोदामे भरलेली आणि माणसे उपाशी, हे पाहून २००१ साली काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी शाळेतल्या मुलांना कोरडे धान्य नव्हे, शिजवलेले जेवण द्या. त्यापूर्वी बहुतेक राज्यांत महिन्याला तीन किलो धान्य देऊन मोकळे होत असत. आपली मुले जी खिचडी खातात ती कोणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ती हक्काची झाली. त्याच कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य ठरले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. माणूस धान्यावर जगतो खरा, पण मूल नुसत्या तांदळावर वाढत नाही. डाळ, अंडे, दूध, भाजी यांची मागणी अजून बाकी आहे.

मग आपण काय करावे? मोठे काही सांगत नाही.

पौर्णिमेला विहारात वंदनेच्या आधी मुलांना जेवू घाला. वरण-भात चालेल, उकडलेले अंडे असेल तर उत्तम. जयंतीच्या कमानीवर आणि कर्ण्यावर जो खर्च होतो त्यातला चौथा हिस्सा या कामी काढा. बाबासाहेबांना कमानीपेक्षा ते अधिक आवडेल. घरात मुलगी आणि मुलगा एका पंगतीला बसवा, आणि आई शेवटी उरलेसुरले खाईल ही रीत मोडा. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्याने बाटलीत किती अंडी बुडाली ते मोजावे.

अंगणवाडीत मुलाचे वजन होते त्या दिवशी आईने तेथे उभे राहावे, वजन विचारावे, मागच्या महिन्याशी ताडून पाहावे. शाळेतली खिचडी महिन्यातून एकदा चाखून पाहावी. एखाद्या बौद्ध किंवा मातंग बाईने शिजवले म्हणून मुले उठवली जात असतील, तर तेथे गप्प बसू नये. ग्रामसभेत अंड्याचा प्रश्न लेखी मांडावा. ज्याचे नाव कार्डावर नाही त्याचा अर्ज वस्तीतल्या शिकलेल्या मुलाने भरून द्यावा. शिक्षणाचा उपयोग तो आणखी कशाला?

आणि आपल्या वस्तीच्या पलीकडेही पाहा. दिवाळीच्या सुमाराला बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. अंगणवाडी गावात राहते आणि मूल फडात जाते. वीटभट्टीवरचे मूल, पारध्याच्या पालावरचे मूल, मेळघाटातले कोरकूंचे मूल, ती आपली नव्हेत असे म्हणाल तर मैत्रीची भावना नुसती तोंडाची राहील. भुकेला जात नसते. भुकेल्याला जात विचारणारे लोक आपण फार पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, आपण वर्गणी काढून जेवू घातले तर सरकार सुटेल. शंका खरी आहे, तिचे उत्तर आळवीतच आहे. त्या शेतकऱ्याला वाढलेले अन्न कोणा धनिकाने दया म्हणून फेकलेले नव्हते. साऱ्या गावाने मिळून जमवलेले, संघासाठी शिजवलेले ते अन्न होते. साऱ्यांच्या भांड्यातले अन्न भुकेल्याला त्याचे म्हणून मिळाले. सरकारी तिजोरी हे आज साऱ्यांचे तसेच भांडे आहे. मिठावर, काडेपेटीवर, कापडावर आजवर जो कर बसला तो आपणही भरला आहे. म्हणून आज लेकराला आपल्या घरातून घास द्या, कारण त्याची भूक उद्यापर्यंत थांबणार नाही. आणि उद्या त्या भांड्यातला त्याचा वाटा मागा, कारण आपल्या घरचा घास वर्षभर पुरणार नाही. दोन्ही करावयाचे आहे. एक केले म्हणून दुसरे चुकत नाही.

त्या पौर्णिमेला मी प्रवचन तेथेच थांबवले. वस्तीतल्या बाया उठल्या. कोणी भाकरी आणली, कोणी कालवण आणले, एकीने दोन अंडी तव्यावर टाकली. मूल जेवले. आजी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "आजी, मागल्या जन्मीचं देणं फिटलं का?" आजी हसली आणि म्हणाली, "देणं त्याचं नव्हतं गुरुजी, आपलंच व्हतं."

इतका धम्म आजीला एका भाकरीत कळला. मला त्याला बरीच वर्षे लागली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा आधी मागे वळून पाहा. कोणते मूल मान टाकून बसले आहे ते शोधा. तथागत थांबले होते. आपणही थांबू.

नमो बुद्धाय. जयभीम.